बाईंचं अळणी राज्य

बाईंच्या शिबिरात मीठ नव्हतं. कमी होतं किंवा बेताचं होतं असं नव्हे, नव्हतंच. स्वयंपाकघरात नव्हतं, कोठीत नव्हतं, आणि आम्ही स्वयंसेवक मुलं बॅगांतून जे लपवून आणायचो तेही फाटकापाशीच जप्त व्हायचं. मी पेणची. एका अंगाला खाडीतली मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला पोह्यांच्या पापडांचे घरोघर चालणारे उद्योग, अशा गावात वाढलेली. दहावीची परीक्षा देऊन मी समाजसेवेला निघाले आणि पहिल्याच जेवणात वाटलं, पुन्हा परीक्षा द्यावी लागली तरी चालेल पण मला घरी न्या. तरीही पुढचे तीन उन्हाळे मी तिथेच गेले. कारण एकच, बाई.

शिबिर रोह्याला भरायचं, मे महिन्यात, कुंडलिकेच्या काठच्या एका शाळेत. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. मुंबईच्या इस्पितळांतून आणि आसपासच्या तालुक्यांतून मोठमोठी दुखणी असलेली मुलं यायची. कुणाला दर महिन्याला रक्त चढवावं लागे, कुणाच्या हृदयाला भोक, कुणाचं मूत्रपिंड बिघडलेलं. आठवडाभर तरी त्यांना औषधांचा वास विसरून हुंदडता यावं म्हणून एका संस्थेने हे सुरू केलं होतं. संस्थेचे लोक उद्घाटनाला यायचे, नारळ फोडायचे आणि खोबरं खाऊन जायचे. एक डॉक्टर मुक्कामाला असायचे. ते तरुण होते, भले होते आणि बाईंना घाबरून असायचे. बाकी सगळं राज्य बाईंचं.

बाई पेणच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उंच, काटकुळ्या, अंगावर पाचवारी सुती साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि गळ्यात शिट्टी. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "वेळापत्रकात बसलं नाही" एवढंच सांगायच्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. त्यामुळे स्वयंसेवकांना त्या गावाच्याच नावाने हाक मारायच्या. मी पेण. नागोठण्याची एक मुलगी होती, ती नागोठणे. रोह्याचे दोघे भाऊ होते, त्यांतला चपळ तो रोहा एक्सप्रेस आणि सुस्त तो रोहा पॅसेंजर. तेव्हा कोकण रेल्वेचं काम जोरात चालू होतं. "पॅसेंजर अजून विहिरीवरच का अडकलाय? एक्सप्रेसला पाठवा त्याच्या मागे," असं बाई ओरडताना ऐकून एका पालकांना त्या रेल्वेतल्या कुणी बड्या अधिकारी वाटल्या होत्या. त्यांनी जाता जाता मुलाच्या नोकरीचं बघा असंही सांगून ठेवलं.

आजारी मुलांच्या तर त्यांनी शाळेसारख्या तुकड्या पाडल्या होत्या. रक्त तुकडी, हृदय तुकडी, मूत्रपिंड तुकडी. डॉक्टरांना हे पटत नसे. "बाई, मुलांच्या मनावर परिणाम होईल," ते म्हणायचे. परिणाम एवढाच झाला की तुकड्यांमध्ये चुरस लागली. रक्तवाले सुयांच्या खुणा दाखवून भाव खायचे, हृदयवाले शर्ट वर करून टाके दाखवायचे, आणि मूत्रपिंडवाल्यांकडे दाखवण्यासारखं काहीच नसल्यामुळे ते इरेला पेटून लगोरी जिंकायचे.

या मुलांवर घरी कुणी आवाज चढवत नसे. बाई चढवायच्या. चपला ओळीत का नाहीत, दात का घासले नाहीत, पत्त्यांत फसवाफसवी का केली. पहिल्याच दिवशी एका मुलीला त्यांनी अशी झापली की तिची आई फाटकाशी डोळ्यांना पदर लावून उभी राहिली. मुलगी मात्र भलतीच खूश. कितीतरी दिवसांत तिला कुणी चारचौघींसारखं बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती चप्पल मुद्दाम वाकडी ठेवून बाईंची वाट बघत होती.

दुपारी जेवणानंतर बाई ओसरीवरच्या खुर्चीत ताठ बसून झोपायच्या. शिट्टी तोंडात तशीच. श्वास सोडला की ती बारीक वाजायची. मुलं भोवती कोंडाळं करून ऐकत बसायची, आणि एखाद्या वेळी शिट्टी जरा मोठ्याने वाजली की सवयीने सगळी ओळीत उभी राहायची. मग बाई डोळे उघडून विचारायच्या, "कुणी बोलावलं तुम्हाला?"

तर मीठ. मूत्रपिंडवाल्यांना मीठ वर्ज्य होतं, हृदयवाल्यांपैकी काहींनाही. दुसऱ्या कुणी या मुलांसाठी एक छोटं पातेलं वेगळं ठेवलं असतं. बाईंनी पहिल्या वर्षीच कायदा केला की शिबिरात पातेलं एकच, आणि ते अळणी. मुलांनी, स्वयंसेवकांनी, डॉक्टरांनी, आल्यागेल्या पाहुण्यांनी, सगळ्यांनी तेच खायचं. डॉक्टरांनी एकदा धीर करून सुचवलं, "निदान स्वयंसेवकांना तरी... उन्हात राबतात, घाम येतो." बाई म्हणाल्या, "आठवड्यात कुणी विरघळत नाही. तुम्ही वरण घ्या." डॉक्टरांनी वरण घेतलं. मी एकदा विचारलं होतं, बाई, पातेली दोन केली तर काय बिघडलं? त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन पातेली घासणार कोण? तू?" मी नाही म्हटलं आणि विषय तिथेच मिटला.

ताट मात्र त्यांना शास्त्रशुद्ध लागायचं. डाव्या हाताला चटणी, उजव्या हाताला भाजी, मध्ये भात, वरती लिंबाची फोड आणि तिच्याशेजारी चिमूटभर मीठ. आता मीठ तर नाही, आणि मिठाची जागा रिकामी ठेवली तर ताट उघडं दिसतं. म्हणून बाई तिथे चिमूटभर तांदळाची पिठी वाढायला लावायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं की ती पिठी आहे. तरी वाढणाऱ्याने "मीठ, मीठ" म्हणतच पुढे सरकायचं.

सगळ्यांना म्हणजे आम्हाला. शिबिराला मदत करणाऱ्या कंपनीतले एक साहेब एकदा जेवायला आले होते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिला घास घेतल्यावर साहेबांचा चेहरा पडला, पण माणूस सभ्य. त्यांनी गुपचूप ताटातलं मीठ आमटीत कालवलं. फरक पडेना. वाढायला पॅसेंजर होता. साहेबांनी खुणेने मीठ मागितलं. पॅसेंजरने वाढलं. पुन्हा मागितलं, पुन्हा वाढलं. साहेब कालवत राहिले, आणि गरम आमटी हळूहळू दाट होत होत शेवटी वाटीत चमचा उभा राहिला. "आमटी छान दाट असते तुमच्याकडे," साहेब म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आमटीचं पिठलं केलंत. पण वाया घालवायचं नाही, आमच्याकडे तो नियम आहे." साहेबांनी ते संपवलं. पुढच्या वर्षी कंपनीने मदत पाठवली, साहेब आले नाहीत.

आम्हा मुलांची तर तऱ्हाच निराळी. दोन दिवस झाले की स्वप्नात लोणचं यायचं. माझ्या आईने कपड्यांच्या घडीत पापड दडवून दिले होते, ते बाईंनी झडतीत काढले आणि "तळून ठेव म्हणावं आईला, परत येईल मुलगी" असा निरोप देऊन पहिल्या एसटीने पेणला परत पाठवले. कंडक्टर त्यांचा विद्यार्थी होता. पेण-रोहा रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक कंडक्टर त्यांचा विद्यार्थीच असायचा. "खाल्ल्या मिठाला जागा म्हणतात बाई," पॅसेंजर कण्हायचा, "पण आधी खायला तरी द्या." या पॅसेंजरने एका वर्षी घामोळ्याच्या पावडरच्या डब्यात मीठ भरून आणलं. युक्ती झकास होती. फक्त त्याने ती कुणाला सांगितली नाही, आणि नागोठणेची पाठ घामोळ्याने भरली होती. ती न्हाणीघरातून जी किंचाळली ती नदीपलीकडे ऐकू गेली असेल. चोरी पकडली गेली. आता पॅसेंजरचं काही खरं नाही असं वाटत असताना बाई नागोठणेच्या पाठीवर ओला पंचा टाकत म्हणाल्या, "एकाच्या गुन्ह्याची शिक्षा दुसरीला झालेली आहे. आज न्यायालय बंद." पॅसेंजर त्या दिवसापासून त्यांच्या पायाशी पडेल असा झाला. त्यांनी त्याला नारळ खवायला बसवलं, तो शिबिर संपेपर्यंत खवत होता.

माझ्या दुसऱ्या वर्षी हरेश आला. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातला, नऊ-दहा वर्षांचा, औषधांनी चेहरा सुजून गोल झालेला. बाप मिठागरात कामाला. आई त्याला सोडायला आली तेव्हा तिच्या हातात कापडात बांधलेलं लहानसं भगुणं होतं.

"बाय, याचं येगलं शिजवायचं हाय," ती बाईंना म्हणाली. "घरी पन येगलंच हाय त्याचं. कोपऱ्यात बसतो आनि खातो. आमचं सुकट-भाकर बगलं की रडतो, म्हनून तोंड भिंतीकडं करून बसवतो त्याला."

"वडील नाही आले?"

"त्यो नाय येत. हॉस्पिटलात पन नाय आला कवा. डाक्टर बोललं ना, मीठ म्हंजे या पोराला इख. तवापासून त्यो पोराच्या जवल बसत नाय. म्हनतो, माझे आंगाला मीठ हाय, त्याला लागंल."

हरेश बाजूला उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याने मान वर केली नाही. मला त्या बापाचा रागही आला आणि वाईटही वाटलं. कुठल्या तरी डॉक्टरने घाईघाईत म्हटलेलं एक वाक्य त्या माणसाने अंगाला लावून घेतलं होतं. बाईंनी भगुणं हातात घेतलं, खालून वरून पाहिलं आणि म्हणाल्या, "भांडं चांगलंय. यात फुलं ठेवू." आणि खरंच त्यात जास्वंदी घालून ते ओसरीवर ठेवलं.

दुपारी पंगत बसली. हरेशने ताट घेतलं, उचललं आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला. आम्ही त्याला वळवायला धावलो. बाईंनी शिट्टी मारली. वाटलं, आता त्याला झापणार. बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी ताटं घेऊन भिंतीकडे तोंड करा."

आणि त्या दिवसापासून आमचं अख्खं शिबिर भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलं. चाळीसेक माणसं, चारी भिंतींना तोंडं लावून. मध्ये मोकळी जमीन, आणि वाढणारे पाठींच्या मागून "भात, भात" करत फिरतायत. वाढणाऱ्याला कुणाचं ताट दिसत नसे, त्यामुळे आमटी कधी ताटात, कधी कॉलरमध्ये. डॉक्टरही एका कोपऱ्यात भिंतीकडे बघत जेवायचे. संस्थेच्या एक बाई पाहणीला आल्या, दारातून पाहिलं आणि हळूच मला विचारलं, "कसली शिक्षा आहे का?" मी म्हटलं, "नाही, जेवण आहे." त्यांना ते पटलं नसावं. आमच्या बाई तर भिंतीशी बोलतच जेवायच्या. "अरे वा, या भिंतीला काय सुंदर पोपडा आलाय. हुबेहूब श्रीलंका."

झालं, मुलांना नाद लागला. जो तो आपापल्या भिंतीवरचे पोपडे बघून देश ओळखायला लागला. तिसऱ्या दिवशी जेवताना हृदय तुकडीतला एक जण ओरडला, "बाई, माझ्याकडे ऑस्ट्रेलिया आहे." त्यावर इतके दिवस न बोललेला हरेश घास तोंडात तसाच ठेवून गर्रकन मागे वळला. "कंचा ऑस्ट्रेलिया? बगू," म्हणत ताट घेऊन पलीकडे गेला. गेला तो तिथेच त्या मुलाच्या मांडीला मांडी लावून बसला. बाईंनी शिट्टी मारली. "भिंती पाहून झाल्या. सरळ बसा."

त्यानंतर तो जेवायला लागला, खेळायला लागला, थापा मारायला लागला. थापा सगळ्या बापाच्या. त्याचा बापूस मिठागरात एवढा मोठा ढीग लावतो की त्याच्यावर चढलं तर मुंबई दिसते. मीठ ओढायला त्याच्या बापसाच्या फळीसारखी फळी कुणाला मारता येत नाय. मुलं विचारायची, मग येणार का तुझे वडील शेवटच्या दिवशी? शेवटच्या दिवशी पालकांची पंगत असायची. हरेश म्हणायचा, "त्याला टाइम नाय. हंगाम हाय." पण हे सांगताना तो समोरच्याकडे बघत नसे. एका संध्याकाळी मी त्याला औषध देत होते तेव्हा त्याने विचारलं, "ताई, मीठ हाताला लागतं ते धुतल्यावर जातं ना?"

जातं, मी म्हटलं.

"मंग तसं माझे बापसाला कोन सांगनार?"

मी हे बाईंना जाऊन सांगितलं. त्या भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या, तशाच उठल्या, एसटी स्टँडवर गेल्या आणि पेणच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. हरेशच्या वडिलांना सांग, रविवारी पंगत आहे, बाईंचं आवतण आहे, आणि आवतण मोडलेलं बाईंना चालत नाही.

रविवारी सकाळपासून हरेश फाटकाच्या कट्ट्यावर बसून होता. वाट बघत नव्हता म्हणे, गाड्या बघत होता. पेणची गाडी आली, त्याची आई उतरली, आणि तिच्या मागून एक ठेंगणा, उन्हाने काळाठिक्कर पडलेला माणूस. पांढरा शर्ट, केसांना तेल, आणि खांद्यावर एक भरलेलं पोतं. फाटकापाशी येऊन त्याने पोतं उतरवलं आणि आत पाय न टाकता विचारलं, "बाई कोन हाईत?"

"मी," बाई म्हणाल्या.

"नवं मीठ हाय. या हंगामाचा पयला ढीग. तुमचेसाठी आनलं."

पॅसेंजरच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी आयुष्यात विसरणार नाही. मग रक्त तुकडीतली एक चिमुरडी खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, इथे मीठ चालत नाही. बाई फेकून देतात." दोन-तीन पोरं फिसकन हसली. हरेशच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि तो कट्ट्यावरची खपली नखाने खरवडू लागला. त्या माणसाचं तोंड असं उतरलं की बघवेना.

"ठावं हाय मना," तो म्हणाला. "पन पंगतीला मोकल्या हाती कसा येऊ? माझेकडं दुसरं काय हाय?" आणि त्याने पोतं पुन्हा खांद्यावर घ्यायला हात घातला. तो आता परत जाणार होता, आणि गेला असता तर पुन्हा आला नसता. हे हरेशला कळत होतं आणि मलाही.

बाईंची शिट्टी तोंडापाशी गेली आणि खाली आली. मग त्या एकदम चिडल्या.

"अहो, किती उशीर केलात. आमचं आइस्क्रीम सकाळपासून अडलंय तुमच्या मिठावाचून."

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. आइस्क्रीम नावाची गोष्ट त्या दिवसाच्या बेतात नव्हती. बेत आमरस-पुरीचा होता.

"ए पेण," बाई माझ्याकडे वळल्या, "पॉट कुठे ठेवलास?"

"कुठला पॉट, बाई?"

बाईंचा कॅनव्हासचा बूट माझ्या पायावर पडला. "तोच. बाजारातल्या मांडववाल्याकडे ठेवलास तो. पळ. एक्सप्रेस, बर्फाच्या कारखान्यात जा. नागोठणे, रसाचं पातेलं बाहेर काढ, दूध आटव. आणि तुम्ही हो," त्या हरेशच्या वडिलांना म्हणाल्या, "उभे काय राहिलात? मिठाचं काम इथे तुमच्याशिवाय कुणाला येतं?"

लग्नसराई ऐन भरात होती. मांडववाल्याचे सगळे पॉट लग्नांना गेलेले. मी हातापाया पडले, बाईंचं नाव सांगितलं. तोही त्यांचा विद्यार्थी निघाला. त्याने चालू लग्नातून एक पॉट उचलून दिला. नवरीकडच्यांना आइस्क्रीमऐवजी सरबतावर भागवावं लागलं असणार, पण बाईंचा भूगोल त्याला अजून आठवत होता. एक्सप्रेसने भुशातला बर्फ गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणला, अर्धा रस्त्यातच वितळवला.

लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा डबा, डब्यात आंब्याचा रस आणि आटवलेलं दूध, वरून फिरवायचा दांडा. बादलीत डब्याच्या भोवती बर्फ घालायचा आणि बर्फावर खडे मीठ. हरेशच्या वडिलांनी पोतं उसवलं, ओंजळ भरली आणि हात तिथेच थांबले.

"बाई, खानार तं हाच ना?" त्यांनी हरेशकडे न बघता विचारलं. "आत गेलं तं?"

डॉक्टरांनाही तीच भीती. त्यांनी झाकणाच्या फटीला नीट फडकं बांधलं, दोनदा तपासलं. तरी तो माणूस ओंजळ सोडेना. तेव्हा हरेश आला, बापाच्या मनगटाला धरलं आणि हात बादलीवर उपडा केला. त्याला असं बापाला धरलेलं बघून त्याची आई पदर खोचून बर्फ फोडायला बसली.

मग दांडा फिरवायला झुंबड उडाली. तुकडीवार पाळ्या लागल्या. बर्फ वितळून खारं पाणी बादलीच्या बुडातल्या भोकातून गळत होतं आणि तिथे पॅसेंजर फडकं घेऊन भलत्याच तत्परतेने जमीन पुसत होता. मधूनच बोट तोंडात घालत होता. थोड्या वेळाने मीही पुसायला गेले. बाईंनी आम्हाला बघितलं, आणि आकाशात काही बघण्यासारखं नसताना बराच वेळ आकाशाकडे बघत राहिल्या.

डबा उघडला तेव्हा बाईंनी पहिला चमचा स्वतः घेतला. डोळे मिटून चाखला.

"अळणी," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडी याहून मोठी शाबासकी मी ऐकली नाही.

पंगत बसली. ताटल्या भरल्या, गलका झाला. हरेश सगळ्यांना ओरडून सांगत होता, "आमचे मिठानं झालंय ते. माझे बापसाच्या." पण बापूस कुठे होता? तो ओसरीच्या पायऱ्यांच्या खाली, उन्हात, पोत्याशेजारी उकिडवा बसला होता. हरेश ताटली घेऊन पायरीवर गेला.

"खा."

"तू खा. मना हितनं दिसतंय."

"खा रं बा. खारट नाय."

बापाने चमच्याच्या टोकावर जरासं घेतलं, जिभेवर ठेवलं आणि नवलाने पोराकडे पाहिलं. "येवढं मीठ घातलं मी. खारट कसं नाय झालं?"

"मीठ भायेर होतं ना," हरेश त्याला समजावून सांगू लागला. "भायेर राहून थंड करतं ते. आत येत नाय."

बापाने मान डोलावली. "बरोबर हाय," तो म्हणाला. "त्यानं भायेरच राहायचं."

बाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या, हातात वाढायचा डाव. त्या पायऱ्या उतरून खाली गेल्या आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "मीठ राहू दे बाहेर. तुम्हाला कुणी बाहेर बसायला सांगितलंय? उठा. आत या."

तो माणूस उठला. अंगणातल्या नळावर जाऊन त्याने हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले, शर्टाला पुसले आणि हरेशला दाखवले. हरेशने ते वास घेऊन तपासले आणि सरकून आपल्या शेजारी जागा केली.